मुखलक्षणे आणि देहांतर्गत कर्करोग : वैद्यकीय ज्ञानाच्या इतिहासाचा खानदेशच्या संदर्भात अभ्यास

प्रस्तावना

तोंडात फोड उठले, जीभ सोलवटली किंवा हिरड्या सुजल्या की मराठी माणूस 'तोंड आले' असे म्हणतो आणि त्याचे कारण 'उष्णता' असे सांगतो. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचते. आहारातही तिखटाचे प्रमाण मोठे असते. त्यामुळे हे स्पष्टीकरण खानदेशात सहज पटते. जाईची पाने चघळणे, तुरटीच्या पाण्याने गुळण्या करणे, साजूक तूप लावणे असे घरगुती उपाय पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. बहुसंख्य रुग्णांचे तोंड आठ-दहा दिवसांत पूर्ववत होते आणि त्या अनुभवाने 'उष्णते'वरील विश्वास अधिक दृढ होतो. या विश्वासात गैर काही नाही, कारण तोंड येण्याची बहुतेक कारणे खरोखरच किरकोळ असतात.

तथापि, थोड्या रुग्णांच्या बाबतीत तोंडातील बदल हा शरीराच्या अन्य भागात सुरू झालेल्या गंभीर विकाराचा पहिला निरोप असतो. हिरड्यांची सूज रक्ताच्या कर्करोगाची, ओठावरील काळसर ठिपके आतड्यातील गाठींची, तर हनुवटीचा बधिरपणा स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाची सूचना देऊ शकतो. येथे मुखाचा कर्करोग आणि मुखात प्रकट होणारा अन्य अवयवांचा कर्करोग असा भेद करणे आवश्यक आहे. पहिल्याचा संबंध प्रामुख्याने तंबाखू व सुपारीशी असून त्याविषयी महाराष्ट्रात विपुल लेखन झाले आहे. दुसऱ्याची चर्चा वैद्यकीय पाठ्यपुस्तकांबाहेर क्वचितच होते. प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय हा दुसरा प्रकार आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. भारतीय व पाश्चात्त्य वैद्यकात मुखपरीक्षेला कोणते स्थान होते याचा आढावा घेणे.
२. मुखलक्षण हे देहांतर्गत कर्करोगाचे 'पूर्वचिन्ह' म्हणून केव्हा व कसे मान्य झाले याचा शोध घेणे.
३. या ज्ञानाचा खानदेशातील आरोग्यव्यवस्थेशी असलेला संबंध तपासणे.

गृहीतक व अभ्यासपद्धती

मुखातील लक्षण हे केवळ डोळ्यांना दिसते म्हणून पूर्वचिन्ह ठरत नाही. त्यामागे निदानाची सोय, उपचाराची शक्यता आणि रुग्णाला तेथपर्यंत पोहोचवणारी व्यवस्था उभी राहिल्यावरच ते पूर्वचिन्ह ठरते, हे प्रस्तुत निबंधाचे गृहीतक आहे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्राचीन वैद्यकग्रंथ, प्रकाशित वैद्यकीय वाङ्मय आणि संस्थांचा इतिहास यांचा आधार घेतला आहे.

१. भारतीय वैद्यकातील मुखपरीक्षा

रुग्णाचे तोंड पाहून शरीराची अवस्था जाणण्याची प्रथा भारतात फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातील सोळाव्या अध्यायात ६५ मुखरोग सांगितले आहेत. त्यांची विभागणी स्थानानुसार आहे : ओष्ठाचे ८, दंतमूलाचे १५, दंताचे ८, जिव्हेचे ५, तालूचे ९, कंठाचे १७ आणि सर्वसर म्हणजे संपूर्ण मुखात पसरणारे ३. तालूच्या रोगांत 'अर्बुद' हा स्वतंत्र प्रकार आढळतो. याच स्थानाच्या अकराव्या अध्यायात, एका अर्बुदावर किंवा त्याच्या जोडीने उद्भवणाऱ्या दुसऱ्या अर्बुदाला 'अध्यर्बुद' व 'द्विरर्बुद' अशा संज्ञा दिल्या आहेत. वर्गीकरणाची ही सूक्ष्मता थक्क करणारी आहे.

निदानाच्या पद्धतीला पुढे अधिक नेमके रूप आले. साधारणतः सतराव्या शतकातील मानल्या जाणाऱ्या आणि महाराष्ट्रातील वैद्यपरंपरेत विशेष मान असलेल्या 'योगरत्नाकर' या ग्रंथात अष्टस्थान परीक्षा वर्णिली आहे. नाडी, मूत्र, मल, जिव्हा, शब्द, स्पर्श, दृक् आणि आकृती ही ती आठ स्थाने होत. त्यांत जिव्हेचा स्वतंत्र समावेश आहे. वातप्रकोपात जीभ खरखरीत व भेगाळलेली, पित्तप्रकोपात लालसर, कफप्रकोपात पांढरी व बुळबुळीत होते, असा त्या परीक्षेचा आशय आहे. 'जीभ दाखवा' असे आजही गावातील वैद्य आणि शहरातील डॉक्टर दोघेही म्हणतात. त्या साध्या सूचनेमागे ही दीर्घ परंपरा उभी आहे.

मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहणे इष्ट होय. प्राचीन ग्रंथांतील 'अर्बुद' म्हणजे आजचा कर्करोगच, असे सरसकट समीकरण मांडणे कालविपर्यासाचे ठरेल. जिव्हापरीक्षेतून वैद्य दोषांचे बलाबल जाणत असे. तोंडातील बदलावरून पोटातील अमुक अवयवात गाठ आहे, असा निष्कर्ष त्या शास्त्राच्या चौकटीत बसत नव्हता. दुसरी परंपरा अरिष्टलक्षणांची होती. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात ओठ, दात व जीभ यांतील बदल आसन्न मृत्यूची चिन्हे म्हणून नोंदवले आहेत. त्यांचा उपयोग कोणत्या रुग्णावर उपचार करणे व्यर्थ आहे हे ठरविण्यासाठी होत असे. म्हणजेच मुख हे दोषांचे आणि मृत्यूचे सूचक होते. रोग लवकर ओळखून रुग्णाला वाचविण्याचे साधन या अर्थाने त्याच्याकडे पाहणे ही आधुनिक काळाची देणगी आहे.

२. हिरड्यांतील रक्त : शीताद, स्कर्व्ही आणि ल्युकेमिया

एकच लक्षण वेगवेगळ्या काळांत किती भिन्न अर्थांनी वाचले गेले याचे उत्तम उदाहरण म्हणजे हिरड्यांतून येणारे रक्त. सुश्रुताने दंतमूलगत रोगांत प्रथम 'शीताद' वर्णिला आहे. त्यात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते आणि त्या मऊ, काळपट व दुर्गंधीयुक्त होतात. रक्त व कफ यांचा प्रकोप हे त्याचे कारण मानले गेले.

युरोपात समुद्रप्रवासाच्या युगात हेच लक्षण 'स्कर्व्ही' या रोगाशी जोडले गेले. ब्रिटिश नौदलातील शल्यवैद्य जेम्स लिंड यांनी १७४७ मध्ये संत्री व लिंबे देऊन रुग्ण बरे होतात असे दाखविले आणि १७५३ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. ब्रिटिश अमलातील भारतात तुरुंग आणि दुष्काळी छावण्या यांत भाजीपाल्याच्या अभावी हा रोग उद्भवत असल्याने वसाहतकालीन डॉक्टरांच्या दृष्टीने रक्ताळलेल्या हिरड्या म्हणजे निकृष्ट अन्न, हे समीकरण रूढ झाले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन मोठ्या दुष्काळांची झळ सोसलेल्या दख्खन व खानदेशाच्या संदर्भात ते स्वाभाविकही होते.

दरम्यान, १८४५ मध्ये एडिंबरो येथे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथे रुडॉल्फ विर्शो यांनी स्वतंत्रपणे एक नवा विकार नोंदविला. मृत रुग्णांच्या रक्तात पांढऱ्या पेशींचे प्रमाण विलक्षण वाढलेले होते. विर्शो यांनी १८४७ मध्ये त्यास 'ल्युकेमिया' असे नाव दिले. पुढे पॉल एर्लिख यांच्या रंजनपद्धतीमुळे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तपेशींचे प्रकार ओळखणे शक्य झाले. तीव्र ल्युकेमियाच्या काही प्रकारांत, विशेषतः मोनोसाइट जातीच्या पेशींच्या कर्करोगात, त्या पेशी हिरड्यांत शिरतात. त्यामुळे हिरड्या फुगून दातांवर चढतात. अन्य प्रकारांत रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटल्यामुळे हिरड्यांतून रक्त झिरपते, तोंडात जखमा होतात आणि त्या भरत नाहीत. अशा रीतीने शीतादाच्या व स्कर्व्हीच्या जुन्या चित्रात तिसरा आणि सर्वाधिक घातक अर्थ दडलेला आढळला.

तथापि, अर्थ कळला म्हणून रुग्ण वाचला असे झाले नाही. महाराष्ट्राच्या वैद्यकीय इतिहासाला वळण देणारी एक घटना या दृष्टीने बोलकी आहे. उद्योगपती सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई यांचे १९३१ मध्ये वेल्समधील शुश्रूषागृहात ल्युकेमियाने निधन झाले. देशातील अग्रगण्य श्रीमंत कुटुंबाला युरोपातील कोणतेही उपचार खुले होते, परंतु त्या काळी ल्युकेमियावर परिणामकारक उपचारच अस्तित्वात नव्हता. १९३२ मध्ये ल्युकेमियाच्या संशोधनास साहाय्य करणारा लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट स्थापन झाला. त्याच वर्षी सर दोराबजी निवर्तले. त्यांच्या विश्वस्तनिधीतून मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले.

ल्युकेमियाच्या उपचारांची पहिली वाट १९४८ मध्ये दिसली. अमेरिकेतील सिडने फार्बर यांनी अमिनॉप्टेरिन या औषधाने बालरुग्णांत रोगाला तात्पुरती ओहोटी लागते असे दाखविले. हे औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले तेथील संशोधनाचे नेतृत्व भारतात जन्मलेल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होते. पुढे शांघाय येथे वांग झेनयी यांनी १९८५ पासून ल्युकेमियाच्या प्रोमायलोसाइटिक प्रकारावर 'अ' जीवनसत्त्वाच्या वर्गातील औषध यशस्वीपणे वापरले. या प्रकारात हिरड्यांतील, नाकातील वा मेंदूतील रक्तस्रावाने रुग्ण काही दिवसांत दगावू शकतो. परंतु योग्य उपचार वेळेवर सुरू झाल्यास आज बहुसंख्य रुग्ण बरे होतात. १९३१ मध्ये रक्ताळलेल्या हिरड्यांतून ल्युकेमिया ओळखणे म्हणजे मृत्यूचे भाकीत करणे होते. आज तेच ओळखणे प्राण वाचविणारे ठरते. लक्षण तेच राहिले, मात्र त्याचे मोल उपचाराने बदलले.

३. मुखावरील अन्य खुणा : १८३० ते १९९०

हिरड्यांप्रमाणेच तोंडातील इतर भागांनीही दूरच्या कर्करोगाची वार्ता दिल्याच्या नोंदी क्रमाक्रमाने जमत गेल्या. स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स बेल यांनी १८३० मध्ये स्तनाचा कर्करोग असलेल्या एका स्त्रीच्या खालच्या ओठाची संवेदना नाहीशी झाल्याचे वर्णन केले. खालच्या जबड्याच्या हाडात कर्करोग पसरल्यास त्यातून जाणारी चेतातंतूंची जुडी दबते आणि हनुवटी व ओठ बधिर होतात. दाताचा कोणताही उपचार झालेला नसताना जाणवणारा असा बधिरपणा म्हणूनच दुर्लक्षणीय नसतो.

१८९० मध्ये काख, मान व सांध्यांच्या वळ्यांतील त्वचा काळी आणि मखमली होण्याच्या विकाराचे वर्णन झाले. त्याचा पोटातील कर्करोगाशी असलेला संबंध फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञ दारिए यांनी १८९३ मध्ये दाखविला. हा विकार बहुधा स्थूलता व मधुमेह यांच्याशी निगडित व निरुपद्रवी असतो. परंतु उतारवयात तो झपाट्याने वाढला आणि त्याबरोबर ओठ व जीभ यांवर मखमली उंचवटे आले, तर जठराच्या कर्करोगाचा संशय घेतला जातो.

१९२१ मध्ये नेदरलँड्समधील यान पॉइट्झ यांनी एका कुटुंबात ओठांवरील गडद ठिपके आणि आतड्यातील गाठी एकत्र आढळत असल्याचे नोंदविले. १९४९ मध्ये अमेरिकेतील हॅरॉल्ड जेघर्स व सहकाऱ्यांनी त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि विकाराला दोघांचे संयुक्त नाव मिळाले. या व्यक्तींना आतडे, स्वादुपिंड, स्तन इत्यादींच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. १९५० च्या दशकाच्या प्रारंभी एल्डन गार्डनर यांनी जबड्याच्या हाडावरील टणक उंचवटे आणि मोठ्या आतड्यातील असंख्य गाठी यांचा आनुवंशिक संबंध मांडला. अशा व्यक्तींत जादा दातही आढळतात. १९९० मध्ये ग्रँट आनहाल्ट व सहकाऱ्यांनी तोंडातील अत्यंत वेदनादायी, न भरणाऱ्या जखमा हे लसिकापेशींच्या कर्करोगाचे लक्षण असू शकते असे दाखवून दिले.

या मालिकेतील सर्वांत बोधप्रद कथा युगांडातील आहे. कंपाला येथील मुलागो रुग्णालयातील शल्यवैद्य डेनिस बर्किट यांना १९५७ मध्ये जबड्याच्या चारही बाजूंना सूज असलेला एक बालक दाखविण्यात आला. असे आणखी रुग्ण भेटल्यावर जबडा सुजलेल्या बालकांच्या पोटातही गाठी असल्याचे त्यांच्या लक्षात आले. तोपर्यंत जबड्याचा रोग व पोटाचा रोग या भिन्न नोंदी म्हणून जमा होत होत्या. बर्किट यांनी १९५८ मध्ये त्या एकत्र मांडल्या आणि लसिकापेशींच्या एका कर्करोगाची ओळख जगाला झाली. त्यासाठी त्यांना नवे उपकरण लागले नाही, फक्त बालकाचे तोंड आणि पोट एकाच वेळी तपासले गेले.

अन्य अवयवांतून मुखात पसरलेले कर्करोग हे मुखातील एकूण कर्करोगांत सुमारे १ टक्का असतात. फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड, पुरःस्थ ग्रंथी व यकृत हे त्यांचे प्रमुख उगम होत. अशा रुग्णांपैकी साधारणतः चौघांतील एकाच्या बाबतीत तोंडातील गाठ हीच मूळ रोगाची पहिली जाणीव असते. प्रमाण अल्प आहे, परंतु त्या एका रुग्णाच्या दृष्टीने दात काढणाऱ्या डॉक्टरची शंका निर्णायक ठरते.

४. दंतवैद्यक आणि वैद्यक यांची फारकत

इतके पुरावे असूनही हे ज्ञान दैनंदिन व्यवहारात का रुजले नाही, या प्रश्नाचे उत्तर संस्थांच्या इतिहासात सापडते. १८४० मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जगातील पहिले स्वतंत्र दंत महाविद्यालय स्थापन झाले. त्यामुळे दंतवैद्यकाची प्रगती झाली, पण दात पाहणारा आणि देह पाहणारा असे दोन व्यवसायही निर्माण झाले. भारतात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कोलकाता येथे पहिले दंत महाविद्यालय सुरू केले. मुंबईत १९३३ मध्ये नायर दंत महाविद्यालय आले. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने या व्यवसायाला स्वतंत्र वैधानिक दर्जा दिला. अभ्यासक्रम, परिषद व नोंदणी अशी सर्व अंगे वेगळी झाली.

सुश्रुताच्या ग्रंथात मुखरोग हे शालाक्यतंत्राचा भाग असले तरी ते जाणणारा वैद्य देहाची चिकित्साही शिकत असे. आधुनिक विशेषीकरणाने मुखाचे ज्ञान कितीतरी खोल नेले, मात्र मुख व देह यांमध्ये एक सीमारेषा ओढली. हिरडी सुजलेला रुग्ण दंतवैद्याकडे जातो, थकवा व ताप असलेला रुग्ण फिजिशियनकडे जातो. एकाच रुग्णास ही तिन्ही लक्षणे असतील तर तो दोन दारे ठोठावतो आणि दोन्हीकडे अर्धाच तपासला जाण्याची शक्यता असते. ल्युकेमियाच्या रुग्णाचा सुजलेल्या हिरडीलगतचा दात रक्ततपासणीविना काढला, तर रक्त थांबत नाही आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरतो. फारकतीची खरी किंमत अशा रीतीने रुग्ण मोजतो.

५. खानदेश : तंबाखूची सावली

ब्रिटिश अमलात धुळे हे खानदेश जिल्ह्याचे मुख्य ठाणे होते. १९०६ मध्ये जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम खानदेश असे विभाजन झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर हे जिल्हे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. या प्रदेशात तंबाखू-चुना, मिश्री, मावा व गुटखा यांचे सेवन ग्रामीण जीवनात खोलवर भिनलेले आहे. स्त्रियांमध्ये भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय विशेष आढळते.

मुंबईतील कर्करोग संशोधनाने आरंभापासून तंबाखूकडे लक्ष वेधले. टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्ये मुंबईतील मुखकर्करोगाच्या सलग १००० रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. १९५३ मध्ये डॉ. जोशी यांनी मुंबईत तोंड आखडण्याच्या, म्हणजे पुढे सुपारीशी जोडल्या गेलेल्या विकाराचे वर्णन केले. १९६३ मध्ये मुंबईत आणि १९८७ मध्ये बार्शी येथे ग्रामीण भागासाठी कर्करोग नोंदणी सुरू झाली. केरळमधील दीर्घकालीन चाचणीचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. केवळ डोळ्यांनी केलेल्या मुखतपासणीमुळे तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी घटतात, असे त्यांतून सिद्ध झाले. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटखाबंदी लागू झाली. हे सर्व कार्य निःसंशय मोलाचे आहे.

परंतु या यशाची एक अनपेक्षित सावलीही पडली. तोंड म्हणजे तंबाखू, हे समीकरण इतके घट्ट झाले की तोंडाकडे देहाचा साक्षीदार म्हणून पाहण्याची दृष्टी मागे पडली. तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातील प्रत्येक बदल तंबाखूच्या खाती जमा होतो. न खाणाऱ्याच्या तोंडातील बदल 'उष्णते'च्या खाती जातो. मिश्रीच्या काळ्या थराखाली हिरडीचा मूळ रंगही दिसत नाही. सावळ्या त्वचेच्या लोकांत ओठ व हिरड्यांवर नैसर्गिक काळसर छटा असते, त्यामुळे बालपणापासून असलेले ठिपके वेगळे ओळखण्यास सराव लागतो.

पांडुरतेची गोष्ट अशीच आहे. लोहाच्या कमतरतेने जीभ फिकी व गुळगुळीत होते आणि ओठांचे कोपरे चिरतात. या लक्षणांसोबत अन्न गिळताना अडखळणे, हा विकार १९१९ मध्ये ब्रिटनमधील पॅटर्सन व केली यांनी वर्णिला. तो मुख्यतः स्त्रियांत आढळतो आणि त्यातून घशाचा व अन्ननलिकेचा कर्करोग संभवतो. खानदेशातील श्रमजीवी स्त्रियांत रक्तक्षय सर्रास असून सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक विकारही आढळतो. जेथे फिकी जीभ ही सर्वसामान्य बाब असते, तेथे जठर वा आतड्याच्या कर्करोगातून होणाऱ्या संथ रक्तस्रावाने फिकी पडलेली एखाद्या वृद्धाची जीभ कोणाच्या नजरेत भरत नाही. लक्षणाचे महत्त्व अशा प्रकारे त्या प्रदेशाच्या पार्श्वभूमीवर अवलंबून असते. परदेशी पाठ्यपुस्तकातील चिन्ह खानदेशात जसेच्या तसे वाचता येत नाही.

६. खुणेला अर्थ देणारी व्यवस्था

विसाव्या शतकाच्या मोठ्या कालखंडात खानदेशातील कर्करुग्णाला मुंबई गाठण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. जळगाव व भुसावळ ही मुंबईच्या लोहमार्गावरील स्थानके, तर धुळेकरांना चाळीसगावचा फाटा. चारशे किलोमीटरच्या आसपासचा प्रवास, परळ परिसरातील मुक्काम आणि बुडणारा रोजगार यांचा विचार करता हिरडीच्या सुजेसाठी कोणी मुंबईस जाणे संभवत नव्हते. रोग उघड झाल्यावरच प्रवास घडे. त्यामुळे मुखलक्षण ज्ञात असूनही 'पूर्वचिन्ह' ठरत नव्हते.

ही स्थिती पुढे टप्प्याटप्प्याने बदलली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस धुळ्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, ते आज श्री भाऊसाहेब हिरे यांच्या नावाने ओळखले जाते. धुळ्यात दंत महाविद्यालयही उभे राहिले. जळगावात २०१८ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. गरीब कुटुंबांच्या खर्चिक उपचारांसाठी जुलै २०१२ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेच्या पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत धुळ्याचा समावेश होता. नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. कर्करोगावरील उपचारांचा तीत अंतर्भाव आहे.

निदानाच्या बाबतीतही अंतर कमी झाले आहे. सुजलेली हिरडी आणि ल्युकेमियाची शंका यांमध्ये आज केवळ एका रक्ततपासणीचे अंतर आहे. संपूर्ण रक्तगणना व रक्तपट्टीची सूक्ष्मदर्शकीय पाहणी तालुक्याच्या ठिकाणीही अल्प खर्चात होते. विर्शो यांना जे शवविच्छेदनात दिसले ते आता अमळनेर वा शिरपूर येथे जिवंत रुग्णाच्या थेंबभर रक्तात दिसू शकते. उणीव राहते ती ही तपासणी करण्याचे सुचण्याची.

येथे अतिरेकी निष्कर्ष टाळणे आवश्यक आहे. मुखकर्करोगासाठी सामूहिक तपासणीचा लाभ चाचणीने सिद्ध झाला आहे. तोंड पाहून शरीरातील अन्य कर्करोग शोधण्याच्या सामूहिक मोहिमेला तसा आधार नाही. ही लक्षणे विरळ असून त्यांची साधी कारणेच अधिक आढळतात. म्हणून प्रत्येक फोडामुळे भयभीत होण्याचे कारण नाही. कारण सापडत नसताना दोन-तीन आठवड्यांहून अधिक टिकणारी जखम, दातांवर चढणारी हिरडी, आपोआप येणारे रक्त, अकारण बधिर झालेली हनुवटी, तसेच या खुणांच्या जोडीला ताप, थकवा वा वजनातील घट आढळल्यास शोध घेणे एवढाच मर्यादित आग्रह इतिहासाच्या आधारे धरता येतो.

निष्कर्ष

१. भारतीय वैद्यकात मुखपरीक्षेची समृद्ध परंपरा होती, परंतु तिचा रोख दोषनिर्णय व मृत्युसूचन यांवर होता. देहांतर्गत कर्करोगाचे पूर्वचिन्ह ही संकल्पना एकोणिसाव्या शतकातील विकृतिशास्त्रानंतरची आहे.

२. हिरड्यांतील रक्तस्राव या एकाच लक्षणाचे शीताद, स्कर्व्ही व ल्युकेमिया असे वाचन होत गेले. प्रत्येक वाचन त्या काळच्या ज्ञानव्यवस्थेचे अपत्य होते.

३. ल्युकेमियावर उपचार नसताना लक्षणाच्या ओळखीने रुग्णाचे भवितव्य बदलत नव्हते. १९४८ नंतरच्या औषधोपचारांनी त्या ओळखीला जीवनदायी अर्थ दिला. प्रस्तुत निबंधाच्या गृहीतकास त्यामुळे पुष्टी मिळते.

४. दंतवैद्यक व वैद्यक यांची संस्थात्मक फारकत, तंबाखूवर केंद्रित झालेली दृष्टी आणि 'उष्णते'चे लोकस्पष्टीकरण या तीन कारणांनी खानदेशात मुखाची साक्ष दुर्लक्षित राहण्याचा संभव वाढतो.

५. धुळे येथे वैद्यकीय व दंत अशी दोन्ही प्रकारची महाविद्यालये एकाच शहरात आहेत. बाह्यरुग्ण विभागांत परस्परांकडे रुग्ण पाठविण्याची नियमित पद्धत, दात काढण्यापूर्वी संशयित रुग्णाची रक्तगणना आणि आशा कार्यकर्तींच्या प्रशिक्षणात वरील मोजक्या खुणांचा समावेश हे उपाय अल्प खर्चात शक्य आहेत. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतूनही ही माहिती गावापर्यंत नेता येईल.

बर्किट यांनी जबडा व पोट एकत्र पाहिले आणि विखुरलेल्या नोंदींतून एक रोग उभा राहिला. योगरत्नाकराच्या आठ स्थानांतही जीभ ही नाडीच्या पंक्तीत बसली होती. खानदेशात आज तज्ज्ञ आहेत, तपासणीची सोय आहे आणि उपचारांस शासकीय आधारही आहे. मुख व देह यांना पुन्हा एका नजरेत आणण्याचे काम मात्र अद्याप व्हावयाचे आहे. ते होईल तेव्हा 'तोंड आले' या नित्याच्या तक्रारीमागील विरळ परंतु प्राणघातक अपवाद वेळीच ओळखला जाईल.